शुक्रवारी ऐकू आलेलं मशीन

मशीन चालू आहे की बंद, हे आवाजावरून कळतं, एवढंच मला ठाऊक होतं. आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा, म्हणजे कापड विणायचा, कारखाना आहे. लग्न होऊन निजामपुऱ्यात आले तेव्हापासून ती भिंत वाजते आहे. तांब्यातलं पाणी थरथरतं. मांडणीवरची भांडी हळूहळू पुढे सरकत येतात आणि दोन-तीन दिवसांनी ती मागे ढकलावी लागतात. पहिल्या वर्षी माझं डोकं दुखायचं. मग आवाज ऐकू येणंच बंद झालं. आता लूम थांबले तरच कानाला काहीतरी जाणवतं.

लूम थांबतात ते लाईट गेली की, नाहीतर शुक्रवारी. शुक्रवारी सकाळी सातला मागचा कारखाना बंद होतो आणि संध्याकाळी सातला परत सुरू होतो. त्या बारा तासांत शेजारच्या भाभीच्या घरातला कुकर ऐकू येतो, पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याची नखं ऐकू येतात. मला त्या दिवशी उगाच वाटत राहतं की आपलं काहीतरी करायचं राहिलंय.

म्हणून माझी मुलगी जेव्हा म्हणाली, "मम्मी, मला अजिबात आवाज न करणारा कॉम्प्युटर बनवायचाय," तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो हाच की, या घरात तो आवाज करतो की नाही हे कळणार कुणाला?

मुलगी एकवीस वर्षांची. बारावी झाली आणि अंजूरच्या एका गोदामात पार्सल स्कॅन करायला लागली. घरी आली की मोबाईलवर गेम खेळायची आणि खेळताना एकटीच बडबडायची. मला वाटायचं, थकून आलेली असते, बडबडू दे. त्या बडबडीलाच काम म्हणतात, हे तिने मला एका संध्याकाळी भाकऱ्या करताना सांगितलं.

"पुण्याची एक कंपनी आहे, गेम बनवते. गेम बाजारात यायच्या आधी तो खेळायचा आणि खेळताना बोलत राहायचं. कुठे अडकले, काय कळलं नाही, कशाची भीती वाटली. सगळं मराठीत. ते रेकॉर्ड करून पाठवायचं. मग ते लोक गेम सुधारतात."

"कळलं नाही हे सांगायचा पगार देतात?"

"हो."

मी पिठाचा हात तसाच धरून उभी राहिले. कळत नाही, हे सांगायचंच काम असेल तर ते मला कधीही जमलं असतं. फक्त बोलणं जमलं नसतं. मी चौथीपर्यंत शिकले. बाई फळ्याजवळ बोलवायच्या तेव्हा उत्तर येत असूनही माझा घसा बंद व्हायचा. अजून दुकानात दोन माणसं पुढे असली तर मी काय हवं ते न सांगता परत येते. आणि माझ्याच पोटची पोर बोलायचे पैसे घेणार होती.

पण त्यात एक अट होती. पुण्याला ऑफिसात बसून काम करायचं, नाहीतर घरून. घरून करायचं तर आवाज स्वच्छ पाहिजे. महिनाअखेरपर्यंत अर्ध्या तासाचं एक रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. त्यात मागून काही घरघर आली तर घरून काम नाही, मग पुणे. गोदामातली तिची एक मैत्रीण आधीच पुण्याला गेली होती आणि तिच्या खोलीत एक कॉट रिकामी होती. ती कॉट मी पाहिली नव्हती, पण तिच्यावर घालायची चादर माझ्या डोक्यात घडी करून तयार असायची. मुलीने जायला मला नको होतं. हे मी कुणाला म्हटलं नाही, तिलाही नाही. तिच्या पायात अडकून राहणारी आई मला व्हायचं नव्हतं.

"मागे लूम आहेत. तुझं रेकॉर्डिंग स्वच्छ कसं यायचं?" मी विचारलं.

"शुक्रवारी करणार ना. मी सुट्टी शुक्रवारी घेतलीये. म्हणून तर मशीन गप्प पाहिजे, मम्मी. शुक्रवारी बाकी सगळं गप्प असतं."

तिच्या पप्पांना हे पटेना. ते लूमचे मिस्त्री. गाव त्यांचं वज्रेश्वरीकडचं. तीस वर्षं लूममध्ये काढून कान अर्धे गेलेत, त्यामुळे आमच्याशीही ते लूममध्ये बोलल्यासारखंच बोलतात.

"गेम खेळायला मशीन, आन् आवाज नको? पोरं तर खेळताना बोंबलतात."

"पप्पा, बोंबलायचं मला आहे. मशीनने नाही."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि हसत जेवायला बसले. त्यांना किती ऐकू गेलं होतं, देव जाणे.

सामान खोक्याखोक्यांतून यायला लागलं. त्यातलं एक मोठं खोकं तिच्याच गोदामातून निघालेलं होतं. "माझंच पार्सल मी स्कॅन केलं, मम्मी. असं जोरात टूं वाजवलं!" मला ते गमतीचं वाटलं आणि थोडं चमत्कारिकही. माल जवळच होता, मग तो गाडीत बसून फिरून आपल्या घरी का यायचा? तिने काहीतरी सांगितलं, पण ते माझ्या डोक्यात शिरलं नाही.

रविवारी मी विहारातून वंदना करून आले, जेवणं झाली आणि आम्ही दोघींनी जमिनीवर जुनी सुती चादर अंथरली. कॉम्प्युटर विकत आणतात, असं मी समजत होते. तो डाळ-तांदळासारखा सुटा आणून घरी शिजवतात, हे मला माहीत नव्हतं. मी चादरीच्या कडेला बसले आणि स्क्रू द्यायचं काम घेतलं. त्यात मात्र माझे हात चांगले. लग्नानंतर अकरा वर्षं मी घरी आणि कारखान्यात कांड्या भरल्या. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती सुताची लहान नळी. बारीक वस्तू माझ्या बोटांतून निसटत नाही.

पण जे कळत नव्हतं ते एकापाठोपाठ येत राहिलं. मधल्या चौकोनी तुकड्यावर तिने तांदळाच्या दाण्याएवढी करडी पेस्ट लावली आणि त्यावर धातूच्या पट्ट्यांचा एक उभा ठोकळा दाबून बसवला. म्हणाली, तो तुकडा तापतो, ही पेस्ट ताप वर देते, पट्ट्या तो पसरवतात आणि पंखा उडवून लावतो. "एवढीशी पेस्ट?" म्हटलं. मी तर भाकरीलाही तेवढंसं तूप लावत नाही. ती म्हणाली, जास्त लावली तरी बिघडतं.

पंखे तीन. दोन मोठे पुढे, एक मागे. "मोठे कशाला घेतले? मोठा पंखा जास्त आवाज करेल ना?"

"उलट. मोठा पंखा हळू फिरून तेवढीच हवा देतो. छोट्याला जोरात पळावं लागतं, म्हणून तो ओरडतो."

हे मात्र मला पटलं, का ते माहीत नाही. पुढून हवा आत, मागून बाहेर. पुढे दोन आणि मागे एकच असं का, तर आत जास्त घ्यायची आणि बाहेर कमी टाकायची, म्हणजे फटींतून कचरा ओढला जात नाही. आत यायच्या वाटेवर जाळी होती, तिच्यात कचरा अडकतो. मी ऐकत होते आणि स्वयंपाकघरातला धूर आठवत होते. आम्ही आयुष्यभर बाहेर टाकायच्या मागे लागलो होतो.

संध्याकाळी तिने बटण दाबलं. लहानसा निळा दिवा लागला. मी वाट पाहत राहिले.

"होत नाही का गं चालू?"

"चालू आहे, मम्मी."

मी वाकून मशीनच्या बाजूच्या काचेतून आत पाहिलं. मोठे पंखे संथ फिरत होते. गेमचं चित्र दाखवणारी म्हणून आडवी बसवलेली जाड पाटी होती, तिला दोन पंखे होते, ते मात्र गप्प उभे.

"हे दोन फिरत नाहीत. बिघडलेले दिलेत तुला. परत कर."

"ते गरम झाल्याशिवाय फिरत नाहीत. गेम सुरू केला की फिरतील."

"मग तोवर ते काय करतात?"

"आराम!" ती म्हणाली आणि मला मिठी मारून चादरीवर लोळायला लागली. इतकी खूश तिला मी बारावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं. भिंतीमागे लूम धडधडत होते आणि आमचं मशीन एकदम गप्प होतं.

मंगळवारी मला वाटलं ते बंदच आहे, म्हणून झाडू मारताना मी भिंतीवरचं बटण बंद केलं. आदल्या दिवसापासून त्यात तो पुण्याचा गेम उतरत होता, तो अर्धवट राहिला. मुलगी मला रागावली नाही. पण बटणाखाली तिने कागद चिकटवला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मशीन गप्प असलं तरी चालू आहे. बंद करू नये.' तो कागद मी येता-जाता वाचायचे आणि प्रत्येक वेळी तरीही संशय यायचा.

मग पहिला शुक्रवार आला. महिन्यात दोनच शुक्रवार उरले होते. सातला लूम थांबले. मुलीने दार-खिडकी लावली, वरचा पंखा बंद केला आणि मशीन सुरू केलं.

घुंऽऽ. आणि त्याच्या खाली काहीतरी किर्र किर्र.

आम्ही तिघंही मशीनकडे बघत राहिलो. रविवारपासून ते तसंच वाजत असणार. लूममुळे आम्हाला ऐकू आलं नव्हतं, एवढंच. मुलीने रेकॉर्ड करून पाहिलं. तिच्या आवाजाच्या मागे कुणीतरी लांबवर गिरणी लावल्यासारखी घरघर होती. तिने कानावरचे ठोकळे काढून मांडीवर ठेवले. "हे असलं पाठवलं तर ते मला पुण्यालाच बोलावतील," ती म्हणाली. रडली नाही, पण नाकाचा शेंडा लाल झाला.

तिचे पप्पा उठले. त्यांना ती घरघर ऐकू येत नव्हती, आम्ही सांगितलं म्हणून कळली. त्यांनी मशीनवर तळवा ठेवला. लूम बिघडला की ते असंच करतात, कान लावत नाहीत, हात लावतात. तळवा वरून खाली आला, बाजूला गेला आणि मग मशीनखालच्या पत्र्याच्या पेटीवर थांबला. लादी धुताना पाणी लागू नये म्हणून मशीन आम्ही त्या पेटीवर ठेवलं होतं.

"मशीन न्हाय वाजत. पेटी वाजते."

"काय?"

"ढोलावर ठेवलाय तुम्ही त्याला. पेटीतलं काय काय नाचतंय बघ."

पेटीत माझ्या लग्नातली पितळेची भांडी होती. ते पिशवीतून लूमचा जुना रबर घेऊन आले, सुरीने चार तुकडे केले, पेटी बाहेर काढली, लाकडी फळीवर रबर आणि रबरावर मशीन ठेवलं. किर्र गेलं. घुं बरंच खाली आलं. उरलेलं मुलीने स्क्रीनवर एक चढाची रेघ खाली ओढून घालवलं. ती रेघ म्हणे पंख्यांना सांगते की किती तापल्यावर किती पळायचं. "आता हे हळूच फिरतील. फक्त आत जाणारी हवा मोकळी पाहिजे, नाहीतर तापेल." रेघ थोडी ओढायची, गेम लावून ताप बघायचा, परत ओढायची, असं करता करता संध्याकाळचे सात वाजले आणि लूम सुरू झाले. एक शुक्रवार संपला.

हवा मोकळी पाहिजे, हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. आणि तरी मी जे केलं ते त्याच वाक्यासाठी केलं असं मला वाटत होतं.

झालं असं की, त्या आठवड्यात मी पुढची झडप काढून जाळी पाहिली. ती कशी निघते हे रविवारी बघून ठेवलं होतं. जाळीवर रुईचा थर बसला होता. पापडाएवढा पातळ, पांढरा, मऊ. बोटाने उचलला तर अखंड निघाला. कारखान्याची रुई खिडकीतून येते, कपड्यांवर बसते, दुधात पडते, हे काही नवं नव्हतं. पण आठ-दहा दिवसांत एवढी? आणि जाळीच्या आतल्या बाजूलाही बारीक तूस होतं. म्हणजे जाळीतून ती पार होत होती. मला वाटलं, माझ्या पोरीच्या नव्या मशीनच्या छातीत रुई जाणार.

कांड्या भरायचे तेव्हा मी तोंडाला फडकं बांधायचे. एकेरी बांधलं तर संध्याकाळी नाकातून रुई निघायची. दुहेरी बांधलं की नाही निघायची. सगळ्याच बायका दुहेरी बांधायच्या. मग मी गुरुवारी दुपारी ब्लाऊजचं काळं अस्तर काढलं, दुहेरी केलं, उजेडात धरून पाहिलं. पलीकडची खिडकी दिसत होती. म्हणजे हवा जाणार, असं मी धरलं. जाळीच्या आतून बारीक टाक्यांनी ते शिवून टाकलं. काळ्या जाळीला काळं अस्तर, बाहेरून कुणाला दिसलंही नसतं. मुलीला सांगायचं मनात होतं, पण ती आली तेव्हा कंपनीशी फोनवर बोलत होती, आणि मग मला वाटलं, यात सांगण्यासारखं काय आहे.

दुसऱ्या शुक्रवारी सगळ्यांची तयारी झाली. पप्पांना चहाच्या टपरीवर पाठवलं, कारण ते घरात असले की श्वाससुद्धा मोठ्याने घेतात. भाभीकडे मुलगी स्वतः गेली. भाभीचा नवरा मागच्याच कारखान्यात लूम चालवतो.

"भाभी, आज मिक्सर मत चलाना, प्लीज."

"क्यों, इम्तिहान है क्या बेटी का?"

"हां, वैसा ही समझो."

"तो जा, आज चटनी सिल पे पीस लूंगी. धीरे धीरे. पास हो गई तो मिठाई खिलाना."

मी बांगड्या काढून फडताळात ठेवल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. वरचा पंखा बंद. सगळं गप्प होईपर्यंत दुपारचे दोन वाजले, पत्रा तापत होता. मुलगी बोलायला लागली, "आता मी एका बोगद्यात आले आहे. उजवीकडे दार दिसतंय, पण ते उघडायचं कसं ते मला कळत नाहीये..." तिचा आवाज मला अनोळखी वाटला. घाई नव्हती त्यात.

पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. आधी बारीक शिट्टीसारखं आलं. मग ते वाढलं. मग मशीन असं घोंगावायला लागलं की मी उठून उभी राहिले. स्क्रीनवरचं चित्र अडखळायला लागलं. मुलीने सगळं बंद केलं.

"असं कसं? परवा तर..." ती मशीनची काच काढून आत बघायला लागली. "आतून भट्टी झालीये. पेस्ट नीट बसली नसेल. ठोकळा काढून परत लावावा लागेल." तिने पेस्टची नळी दाबली. त्यात काही नव्हतं. पेस्ट कल्याणला मिळेल, ती म्हणाली, पण जाऊन येईपर्यंत सात वाजतील, म्हणजे आजचा दिवस गेलाच. "राहू दे. गेले तर गेले पुण्याला." आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन ती तो ठोकळा सोडवायला बसली.

मला कळलं होतं का? पूर्ण नाही. अस्तर तर इतकं पातळ होतं की त्यातून खिडकी दिसली होती. जे डोळ्याला पलीकडे जाऊ देतं ते हवेला का अडवेल? पण परवापासून आजपर्यंत त्या मशीनमध्ये एकच गोष्ट बदलली होती आणि ती मी बदलली होती. मी तोंड उघडलं. फळ्यापाशी उभी असल्यासारखं परत मिटलं. तिने पहिला स्क्रू सोडवून सवयीने माझ्यासमोर हात केला. मी तो घेतला नाही.

"थांब," मी म्हटलं. नीट ऐकू आलं नाही तिला. मी परत म्हटलं, "थांब. ते सोडवू नकोस. पुढची जाळी काढ."

"जाळी कशाला?"

"काढ म्हणते ना."

तिने झडप काढली, जाळी उलटी केली आणि माझे टाके पाहिले. पुढे चिकटलेल्या रुईसकट ते अस्तर जाळीला आतून ओढून बसलं होतं, तोंडाला चिकटतं तसं.

"हे काय आहे?"

"रुई जात होती आत. म्हणून बांधलं. मी कांडीला दुहेरी बांधायचे, तसंच."

तिने जाळी उजेडाकडे धरली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने अस्तरावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मम्मी, तुला त्यात दम लागायचा ना?"

मला आठवलं. तिसऱ्या प्रहरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी कांड्या खाली ठेवून भिंतीला टेकायचे. मुकादम म्हणायचा, खात नाही का गं काही. मीही तेच समजायचे, की आपण खात कमी आहोत. अकरा वर्षं.

"लागायचा," मी म्हटलं.

तिने स्क्रू परत पिळून टाकला. मी कात्रीने टाके उसवले, जाळीला ओरखडाही पडू दिला नाही. अस्तर निघाल्यावर तिने मशीन तासभर तसंच उघडं ठेवलं. मी वर्तमानपत्राने वारा घालायला लागले तर म्हणाली, "त्याला नको, मला घाल," आणि तेव्हा पहिल्यांदा हसली. तिचं जेवण राहिलं होतं. दोघींनी ताटात वरण-भात घेतला आणि मशीनकडे बघत जेवलो.

चार वाजून गेल्यावर तिने पुन्हा सुरू केलं. पुन्हा तोच बोगदा, पुन्हा तेच दार. मी उंबऱ्यावर. अर्धा तास किती मोठा असतो ते मला त्या दिवशी कळलं. मशीनचा काहीच आवाज येत नव्हता आणि मला सारखं वाटत होतं की ते बंद पडलंय आणि मुलगी उगाच बोलत बसली आहे. न राहवून मी सरकत सरकत तिच्या मागे गेले आणि मशीनच्या पाठीशी, जिथून हवा बाहेर पडते तिथे, तळवा धरला. कोमट वारा येत होता. एकसारखा. भाभीकडून पाट्यावर चटणी वाटल्याचा आवाज येत होता, तोही ती मधेच थांबवायची आणि पुन्हा सुरू करायची.

उत्तर दहा-बारा दिवसांनी आलं. आवाज चांगला आहे, काम घरून करा, आठवड्याला एक रेकॉर्डिंग पाठवा. मुलीने मला वाचून दाखवलं आणि बघत राहिली. भांडी पुढे आली होती, ती मागे ढकलायला मी मांडणीकडे गेले. "काहीतरी बोल की," ती म्हणाली. मी म्हटलं, "भाभीला मिठाई द्यायची आहे." त्यावर तिने कपाळाला हात लावला.

काळं अस्तर तिने स्क्रीन पुसायला घेतलं आहे. जाळी आता दर गुरुवारी मी झाडते, जुन्या दाताच्या ब्रशने. शुक्रवारी ती स्वच्छ पाहिजे. एकदा रुईचा तो पापड मी कागदावर काढून ठेवला होता, तेव्हा तिचे पप्पा कामावरून आले.

"किती दिसाचा?"

"एका आठवड्याचा."

त्यांनी तो बोटाने दाबून पाहिला. मग खोकले. त्यांना गेली काही वर्षं खोकला आहेच. "ह्याला जाळी हाय," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. ते गमतीने म्हणाले की कसे, मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या डब्यासोबत एक सुती रुमाल ठेवला. एकेरी ठेवावा की दुहेरी, याच्यावर माझं बराच वेळ अडलं. शेवटी एकेरीच ठेवला. ते तो बांधतात की त्याने घाम पुसतात, माहीत नाही.

शुक्रवारी मी उंबऱ्यावर बसते. मुलगी बोलत असते. "आता मला इथे काय करायचं ते कळत नाहीये," ती म्हणते, अगदी मोकळ्या आवाजात, जसं काही 'पाणी दे' म्हणतेय, आणि मग एक एक दार ढकलून बघत जाते. मला ते ऐकायला आवडतं. मधूनच मी मागे जाऊन तळवा धरून येते. तिला आता त्याची सवय झाली आहे, ती मान न वळवताच डाव्या हाताने मला 'चालू आहे' अशी खूण करते. सात वाजले की भिंत सुरू होते, ती रेकॉर्डिंग बंद करते पण खेळत बोलतच राहते, आणि मग तिचं काही ऐकू येत नाही, नुसते ओठ हलताना दिसतात.